सुटींतील पेन्सिल

उन्हाळ्याच्या सुटींत निघोजे गांवचा एखादा मुलगा इंद्रायणीकांठीं चित्र काढीत बसला, तर ‘हा रिकामपणाचा उद्योग’ म्हणून कोणी पालक त्याच्या हातची पेन्सिल काढून घेतील. त्यांनीं चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या घराकडे पाहावें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत, प्रथम विद्यार्थी व मग शिक्षक म्हणून, त्यांनीं एकेचाळीस वर्षें घालविलीं. परंतु कित्येक चित्रांचे विषय त्यांस उंबरठ्याच्या आंतच सांपडले. १८९५ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्यांच्या चित्रांत गौरीच्या सणांतील घरगुती प्रसंग आहे. आपल्या आयाबहिणी दर भाद्रपदांत साजरा करतात तोच सण! लुगड्याची चूण, पावलाची ठेवण, हीं रोज पाहिल्यावांचून हातांत उतरत नाहींत. कन्या अंबिकाबाई वडिलांचें काम पाहतच वाढल्या आणि १९३१ सालीं त्याच कलाशाळेची पदविका मिळवून चित्रकर्ती झाल्या.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, सुटींत घरचींच माणसें रेखाटा. कणीक मळणारी आई पांच मिनिटांत कागदावर यावी: आधीं पाठीचा बांक, मग हात, चेहरा शेवटीं. जलरंग घ्यावयाचे तर सकाळींच बसावें. दुपारच्या उन्हांत रंग पसरण्यापूर्वींच वाळतो.