मनोविकारावरील औषधे घरी ठेवताना

ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतून घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर पुढील काही आठवड्यांच्या गोळ्या दिलेल्या असतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन ही त्यांतील नेहमीची नावे. रुग्णालयात या औषधांची निगा परिचारिका राखतात. घरी मात्र ती फडताळात, देवळीत किंवा उशाखाली जाऊन पडतात.

पहिला धोका घरातील बालकांना. हॅलोपेरिडॉलची गोळी मुलाच्या पोटात गेल्यास काही तासांनी त्याची मान एका बाजूस वळू शकते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. असे दृश्य पाहून बाहेरची बाधा समजली जाण्याची आणि मुलाला आधी देवर्षीकडे नेण्याची भीती असते. वस्तुतः तो औषधाचा परिणाम असून योग्य इंजेक्शनाने लवकर ओसरतो. क्लोझापिनची तर एक गोळीही लहानग्यास गंभीर ग्लानी आणू शकते. तेव्हा संशय येताच उलटी करविण्याचा खटाटोप न करता गोळ्यांचे वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

औषधे कुलपात असावीत, ती एवढ्याचसाठी नव्हे. निराशेच्या भरात रुग्ण स्वतःच सर्व गोळ्या एकदम घेण्याचा संभव असतो. साठा घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवून त्या त्या वेळची मात्राच हाती द्यावी. मात्र हे रुग्णाला विश्वासात घेऊन करावे. चोरासारखे वागविल्यास तो औषधच नाकारतो. असे विचार बोलून दाखविल्यास टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो.

दमट हवेचाही विचार हवा. कोकणातील पावसाळ्यात जिभेवर विरघळणारी ओलान्झापिनची गोळी वेष्टनाबाहेर टिकत नाही. गोळ्या मूळ वेष्टनातच, चुलीपासून व न्हाणीघरापासून दूर ठेवाव्यात. शीतकपाटाची गरज वेष्टनावर तसे लिहिले असेल तरच.

उरलेल्या गोळ्यांचे काय करावे? टाकण्यापूर्वी त्या डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण गोळ्या उरणे हीच पुष्कळदा मात्रा चुकल्याची खूण असते. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास ते पुन्हा पूर्वीच्या मात्रेने सुरू करता येत नाही. डॉक्टर अल्प मात्रेपासून आरंभ करतात. शेजारच्या 'तशाच' रुग्णाला त्या देणे सर्वस्वी वर्ज्य.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली. त्यामुळे ती विहिरीत, नाल्यात वा चुलीत टाकू नयेत. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये शौचकूपात सोडण्याजोग्या १७ औषधांची यादी दिली, तीत वरील चारांपैकी एकही नाही. रुग्णालय अथवा औषधविक्रेता परत घेत असल्यास उत्तम. तशी सोय नसल्यास गोळ्या वेष्टनातून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळाव्यात, पिशवीत घट्ट बांधून घातक कचऱ्यात द्याव्यात आणि चिठ्ठीवरील रुग्णाचे नाव खोडून मगच ती टाकावी.