हायड्रोजनला तळघर आहे का?

हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट बंधनऊर्जेच्या पायरीखाली उतरत नाही. हाच त्याचा तळ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले के. पी. सिन्हा आणि त्यांचे सहलेखक अँड्र्यू म्यूलेनबर्ग यांनी मात्र त्याखालच्या तळघराची कल्पना उचलून धरली. इलेक्ट्रॉनचं वर्तन सांगणाऱ्या, भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या १९२८च्या समीकरणाची काही उत्तरं केंद्रापाशी अनंत होतात, म्हणून टाकून दिली जातात. पण अणुकेंद्र बिंदू नाही, त्याला आकार आहे. मग ती उत्तरं का नाकारायची, हा त्यांचा तर्क. तसं असेल तर केंद्राला बिलगणारा इलेक्ट्रॉन सुमारे पाच लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडेल आणि शीत संमीलनाचं, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळतात या वादग्रस्त दाव्याचं, कोडंही उलगडेल. बंगळुरूच्याच ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाने २०१५मध्ये शीत संमीलनावर विशेष विभाग काढला होता. हायड्रोजनच्या वर्णपटात मात्र या तळघराची सर्वमान्य खूण नाही. तळघर असेल, तर विश्वभरचा हायड्रोजन अजून वरच का?