मान डोलावली म्हणजे ऐकलं असं नाही

दुसरबीडच्या शिवारात सोयाबीन पेरायचं, तर बियाण्याची माहिती मृग निघण्याआधीच कानावर पडते. कधी ग्रामपंचायतीत, कधी पारावर. सहायक कृषी अधिकारी तासभर बोलतात, मंडळी माना डोलावतात. घरी कोणी विचारलं, ‘काय सांगितलं?’ तर उत्तर येतं, ‘तेच, बीजप्रक्रिया करा म्हणे.’

गैरसमज: गप्प बसलं की ऐकणं झालं.
वस्तुस्थिती: माणूस मिनिटाला साधारण 125 ते 150 शब्द बोलतो, मन त्याहून कितीतरी जोरात पळतं. मधल्या फटीत ते मोंढ्यातल्या भावाकडे निघून जातं. त्याला काम द्यावं लागतं: आत्ता काय सांगितलं ते मनात एका वाक्यात म्हणायचं, पुढं काय येणार याचा अंदाज घ्यायचा. नारदीय कीर्तनाला बसणारे हे नकळत करतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हे ठाऊक असल्यानं धागा सुटत नाही.

गैरसमज: शब्द न् शब्द उतरवून घ्यावा.
वस्तुस्थिती: टिपायचे ते आकडे, क्रम आणि अटी. वहीत ‘एकरी 30 किलो बियाणं’ एवढंच आलं, तर ते अर्धंच ऐकलं. हे प्रमाण 70 टक्के उगवणीला. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवले आणि 60च उगवले, तर एकरी 35 किलो लागतं. सगळा जीव त्या ‘तर’मध्ये आहे. ‘पण’, ‘आधी’, ‘मात्र’ हे शब्द आले की पेन हातात हवं. एरवी खिशात राहिलं तरी चालतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवणारेही असतात. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकायला पुन्हा तासच लागतो, आणि ऐन पेरणीत तो कुणाकडं असतो?

गैरसमज: प्रश्न विचारला तर अडाणी दिसू.
वस्तुस्थिती: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवणं ही सगळ्यात पक्की तपासणी. ‘म्हणजे साहेब, बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक आणि रायझोबियम शेवटी, बरोबर ना?’ क्रम चुकला असेल तर तिथंच दुरुस्त होतो. शिवाय असा प्रश्न आला की सांगणाऱ्यालाही मघाशी राहून गेलेलं आठवतं: ‘हां, आणि ते बियाणं सावलीत सुकवा बरं, उन्हात नको.’