बारामतीचे स्टेशन, १:८७ मापात

लघुरेल्वेच्या छंदात स्क्रॅच बिल्डिंग म्हणजे तयार संच न आणता पुठ्ठा, स्टायरीन शीट किंवा बाल्सा लाकूड कापून, जोडून इमारत स्वतः उभी करणे.

• लघुरेल्वेची प्रचलित मापे : एचओ : माप १:८७, रुळांमधले अंतर १६.५ मिमी. एन : माप १:१६०, रूळ ९ मिमी. ब्रिटिश ओओचे माप १:७६, रूळ मात्र एचओचेच.

• दौंड–बारामती मार्ग १९१४ साली नॅरोगेज (७६२ मिमी) म्हणून सुरू झाला, पुढे ब्रॉडगेज (१,६७६ मिमी) झाला. एचओत जुना मार्ग ८.८ मिमी भरतो. एनचे ९ मिमीचे रूळ सहज चालतात. ब्रॉडगेजला मात्र १९.३ मिमी हवेत. बाजारातले रूळ अरुंद पडतात, म्हणून काटेकोर छांदिष्ट ते हाताने ठोकतात.

 

• एचओत सात फुटी दार २४.५ मिमी उंच. छताच्या पत्र्याची पन्हळ साधारण ७६ मिमीवर येते, म्हणजे एचओत जेमतेम ०.९ मिमी. नेहमीच्या ६ मिमी बोल्टचे आटे १ मिमीवर असतात. त्यांवर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबली की पन्हळी पत्रा तयार. विकतच्या छापील कागदापेक्षा हा कितीतरी खरा दिसतो.

• नामफलक : पिवळ्यावर काळी अक्षरे.

• चालता देखावा पाहायचा तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ साली खुले झाले.