उतारवयातील खेळाडू आणि तबकडीचे वजन

फेकीच्या खेळांत वयाचा विचार दोन प्रकारे झालेला आढळतो. थाळीफेकीत तो नियमानेच केलेला आहे. प्रौढांच्या जागतिक मैदानी स्पर्धांत पुरुषांसाठी पन्नाशीपर्यंत २ किलोग्रॅमची थाळी असते. ५० ते ५९ या वयात ती १.५ किलोग्रॅमवर येते आणि साठीनंतर १ किलोग्रॅमची होते. स्त्रियांची थाळी १ किलोग्रॅमचीच राहते व पंचाहत्तरीनंतर ०.७५ किलोग्रॅमची होते. खेळाडूने काय उचलावे हा प्रश्न येथे उरत नाही, कारण नियमपुस्तिकेने त्याचे उत्तर आधीच दिलेले असते.

डिस्क गोल्फ या खेळाची रीत निराळी आहे. या खेळात प्लॅस्टिकची तबकडी फेकीमागून फेक करीत साखळ्या लावलेल्या टोपलीपर्यंत न्यावयाची असते आणि ज्याच्या फेकी कमी तो जिंकतो. चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी, ऐंशी असे वयोगट येथेही आहेत. पण तबकडीचे वजन वयाशी बांधलेले नाही. नियम फक्त वरची मर्यादा घालतो. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम, आणि व्यास कितीही असला तरी २०० ग्रॅमहून अधिक नाही, अशी ती मर्यादा आहे. लांब फेकीची तबकडी सुमारे २१.२ सेंटिमीटर व्यासाची असते. त्या हिशेबाने तिचे कमाल वजन १७६ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पंधरा तोळे भरते. बाजारात हलकी म्हणून मिळणारी तबकडी बहुधा १५० ग्रॅमची, म्हणजे तेरा तोळ्यांच्या आत असते. निवड खेळाडूची आहे, आणि म्हणून चुकण्याची मुभाही त्याचीच आहे.

ही चूक महाग पडू शकते. साठीनंतर स्नायूंचे बळ घटते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बळापेक्षाही लवकर घटते ती ते बळ झटक्यात वापरण्याची क्षमता. शीघ्र आकुंचन पावणारे स्नायुतंतू अगोदर क्षीण होतात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंधही या वयात विरलेले असतात व थोड्या ओढीने फाटतात. खांदा दुखावून सहा महिने घरी बसलेला सत्तरीचा गृहस्थ पुन्हा मैदानावर येईलच असे सांगता येत नाही. तेव्हा दोन तोळ्यांचा हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नव्हे.

हलकी तबकडी वृद्धास सोयीची, हे मत सर्वत्र प्रचलित आहे व ते बरोबरही आहे. मात्र त्याची जी कारणमीमांसा सामान्यतः केली जाते ती बरोबर नाही. वस्तू हलकी म्हणून हात अधिक वेगाने फिरतो आणि म्हणून तबकडी लांब जाते, असे समजले जाते. हा समज हिशेबाने तपासून पाहावा. मनुष्याचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो. साठ किलोग्रॅमच्या माणसाचा हात म्हणजे तीन किलोग्रॅम झाले, आणि खांद्याभोवती त्या हाताचे निरूढी परिबल सुमारे ०.४ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरता येईल. खांद्यापासून ७० सेंटिमीटरवर धरलेली १७५ ग्रॅमची तबकडी त्यात जेमतेम ०.०९ ची भर घालते. तिच्या जागी १५० ग्रॅमची तबकडी घेतली तर हात आणि तबकडी यांचे एकूण निरूढी परिबल अडीच टक्क्यांनी घटते आणि तेवढ्याच श्रमात वेग वाढतो तो एक टक्का किंवा किंचित अधिक. खांद्याला फिरवावयाचा असतो तो मुख्यतः स्वतःचा हातच, आणि तो हलका करण्याचा उपाय कोणापाशीही नाही.

थाळीफेकीची गोष्ट वेगळी का, हे याच हिशेबावरून कळते. तेथे २ किलोग्रॅमच्या थाळीऐवजी १ किलोग्रॅमची थाळी घेतली की एकूण निरूढी परिबल एक तृतीयांशाहून अधिक घटते, कारण थाळीचा वाटा हाताच्या वाट्याहून मोठा असतो. थाळीफेकीचा अनुभव जसाच्या तसा तबकडीस लावणारे क्रीडाशिक्षक येथेच फसतात.

मनगटापाशी मात्र चित्र पालटते. पंजाचे वजन साठ किलोग्रॅमच्या माणसात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते, आणि मनगटाच्या अंतिम झटक्यात फिरणाऱ्या वस्तूंपैकी तबकडी हीच मनगटापासून सर्वांत दूर असते. पंचवीस ग्रॅम कमी केले की मनगटाभोवतीचे निरूढी परिबल सुमारे बारा टक्क्यांनी उतरते. तबकडीला परिवलन देणारा झटका हाच असल्यामुळे हलकी तबकडी थोडी अधिक गरगरते आणि मनगट व कोपर यांच्या स्नायुबंधांवरचा ताणही कमी होतो. ज्यांची कोपरे दुखतात त्यांना हा लाभ प्रत्यक्ष जाणवतो.

तथापि, मुख्य लाभ हातात नसून हवेत आहे. तबकडी हवेवर टेकून जाते आणि तिला वर धरणारे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एकाच आकाराच्या दोन तबकड्या एकाच वेगाने सुटल्या तर दोहोंवरील उत्थापक बल सारखे असते. पण १५० ग्रॅमच्या तबकडीला तोलावयाचे वजन कमी असल्याने तिला वजनाच्या मानाने सतरा टक्के अधिक आधार मिळतो. हीच गोष्ट उलट मांडली तर असे म्हणता येईल की, जड तबकडीला तरंगत राहण्यास जो वेग लागतो त्याहून सात टक्के कमी वेगात हलकी तबकडी तरंगते. सारांशाने नव्हे, तर शब्दशः असे घडते की हलक्या तबकडीने वृद्धाचा हात फारसा वेगवान होत नाही. तबकडीचीच वेगाची मागणी कमी होते.

येथवर हलकेपणाचा गुणच दिसला. दोष गोफणीवरून समजावा. ज्वारीचे कणीस दाण्यांनी भरू लागले की पाखरांपासून राखण करण्यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण फिरविण्याची चाल परभणी, पाथरी, जिंतूर या भागांत जुनी आहे. गोफणीत घालावयाचा गुंडा राखणदार चाचपून घेतो. फार जड गुंडा फिरविता येत नाही आणि फार हलका खडा झपाट्याने सुटतो, पण हवेत लवकर मंदावून अलीकडेच पडतो. खड्याला उत्थापक बल नाही. त्याच्या वाट्याला केवळ हवेचा अवरोध येतो. तबकडीला उत्थापक बल व अवरोध ही दोन्ही येतात. हलकेपणामुळे तिचा आधार ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात अवरोधाने होणारी तिची गतिहानीही वाढते.

याहून सूक्ष्म परिणाम दिशेचा आहे. उजव्या हाताने उलट बाजूने फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. आरंभी वेग अधिक असताना ती उजवीकडे कलू पाहते आणि वेग ओसरला की डावीकडे वळून खाली येते. फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे येथे परांचन घडते. हवेचे परिबल तबकडीचे तोंड वर किंवा खाली करू पाहते, पण परिवलनामुळे त्याचा परिणाम बाजूला कलण्यात होतो. कोनीय संवेग जितका कमी तितके हे कलणे अधिक. हलक्या तबकडीचा कोनीय संवेग कमी असल्यामुळे ती आरंभी उजवीकडे अधिक सहज वळते. मंद हाताच्या माणसाची नेहमीची तक्रार तबकडी सुटताच डावीकडे पडते ही असते. त्याला हा स्वभाव उपकारक ठरतो. तरुण, जोरकस हाताच्या खेळाडूला तोच अपायकारक होतो. एकाच तबकडीविषयी दोन पिढ्यांची मते परस्परविरुद्ध असतात, याचे मूळ येथे आहे.

वारा सुटला म्हणजे हा स्वभाव उग्र होतो. सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, हा उतारवयातील खेळाडूच्या फेकीचा वेग मानू. समोरून सेकंदाला ५ मीटरचा वारा आला तर हवेच्या सापेक्ष वेग २३ मीटर होतो आणि सर्व बले ६३ टक्क्यांनी वाढतात. त्यात हलकेपणाचे सतरा टक्के मिळविले की निवांत हवेतील जड तबकडीच्या मानाने वजनाशी असलेले बलाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. तबकडी उंच उसळते, उलटते व भलतीकडे जाते. थाळीफेक करणारा समोरच्या माफक वाऱ्याचे स्वागत करतो, कारण जड थाळीला त्याने आधार मिळतो व अंतर वाढते. हलकी तबकडी वापरणाऱ्याने त्याच वाऱ्यात जड तबकडी हाती घ्यावी हे बरे. मागून वारा असेल तर उलट घडते. सापेक्ष वेग १३ मीटरवर उतरतो, बले निम्म्यावर येतात, आणि अशा वेळी हलकी तबकडीच तग धरते.

परभणीच्या हवामानात या विचाराला आणखी एक पदर आहे. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा त्याच तापमानाच्या मुंबईच्या हवेपेक्षा चार-पाच टक्के विरळ असते. ऋतुमानाने पडणारा फरक त्याहून मोठा आहे. जानेवारीच्या पहाटे १२ अंश सेल्सियस आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश, अशी दोन तापमाने घेतली तर हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. मेच्या दुपारी १५० ग्रॅमची तबकडी वजनाच्या मानाने जो आधार मिळविते तो जानेवारीच्या पहाटे १६७ ग्रॅमच्या तबकडीला मिळतो. अर्थात मेच्या दुपारी उघड्या रानात जाण्याचा सल्ला कोणी सुज्ञ मनुष्य वृद्धास देणार नाही. सकाळी सहाच्या सुमारास, २७ अंशांवर, हा फरक निम्माच राहतो. पण हिवाळ्यात उत्तम चाललेली तबकडी उन्हाळ्यात लवकर पडू लागली तर खेळाडूने आपल्या वयाला बोल लावण्यापूर्वी हवेचा विचार करावा. आषाढात प्रश्न उलटा होतो. पश्चिमेकडचा वारा जोरात असतो, आणि शिवाय काळी चिकण माती तबकडीच्या आतल्या कडेला चिकटून तिचे वजन काही ग्रॅमने वाढविते. दोन तोळ्यांसाठी पैसे मोजून घेतलेला हलकेपणा अशा रीतीने चिखलात जातो. पुसण्यासाठी फडके जवळ नसेल तर वजनाची चर्चा व्यर्थ आहे.

ओल्या काळ्या जमिनीवर पाय घसरतो आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. या दोन्ही कारणांनी येथे धावत येऊन फेकण्यापेक्षा जागेवर उभे राहून फेकणे वृद्धास श्रेयस्कर होय. त्यात वेग कमी मिळतो हे खरे. म्हणून तबकडीचा प्रकारही त्या वेगाला साजेसा हवा.

वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व या प्रकाराला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायम मैदान आखले, तेव्हा जाड गोल कडेच्या साध्या तबकड्याच वापरात होत्या. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांची उतरत्या, धारदार कडेची तबकडी आली आणि तेथून वेगाची चढाओढ सुरू झाली. आजच्या अतिवेगवान तबकडीची कड सव्वादोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते. नियमाने ती २.६ सेंटिमीटरपर्यंत नेता येते. असली तबकडी विशिष्ट वेगाखाली नीट उडतच नाही, आणि ती १५० ग्रॅमची केल्याने तिचा हा स्वभाव पूर्णपणे जात नाही. शिवाय सांधेदुखीने आखडलेल्या बोटांना इतकी रुंद कड घट्ट धरता येत नाही. पकड सैल राहिली की परिवलन घटते. उत्पादक वेगासाठी एक ते चौदापर्यंतचे जे अंक देतात त्यांपैकी सहा ते आठ अंकांची, पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास कडेची तबकडी १५० ते १६० ग्रॅममध्ये घेणे, हे तेरा अंकांच्या हलक्या तबकडीपेक्षा बहुतेक वृद्धांना अधिक लाभाचे ठरेल.

टोपलीजवळच्या फेकीसाठी हलकेपणाचा आग्रह सोडावा. दहा मीटरच्या आतील फेकीत खांद्याला ताण नसतो, वेग अल्प असतो, आणि हवे असते ते दिशेचे स्थैर्य. तेथे १७० ग्रॅमच्या पुढची तबकडी वाऱ्याने कमी ढळते व साखळ्यांवर आदळून सहसा उलट उसळत नाही. सगळा संच एकाच हलक्या वजनाचा घेणारे पुष्कळ असतात. त्यांनी शेवटच्या दहा मीटरांत गमावलेल्या फेकी मोजून पाहाव्यात.

तबकडीच्या तळाशी लिहिलेले वजन घरच्या काट्यावर पडताळून घ्यावे. निवडीची कसोटी घेण्यास मोठे साहित्य लागत नाही आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती सहज करण्याजोगी आहे. टोपली नसली तरी चालते. या खेळाच्या आरंभी झाडे आणि खांब हीच लक्ष्ये होती, आणि कडुनिंबाचे खोड त्या कामी उत्तम. एकाच साच्याच्या, एकाच प्लॅस्टिकच्या, फक्त वजनाने भिन्न अशा दोन तबकड्या घ्याव्यात. निवांत सकाळी, जागेवर उभे राहून, आळीपाळीने प्रत्येकीच्या दहा फेकी कराव्यात, म्हणजे थकव्याचा भार दोहोंवर सारखा पडेल. टेपने अंतर व लक्ष्यरेषेपासून झालेले विचलन दोन्ही नोंदवावे. सर्वांत लांब फेक न पाहता मधली फेक पाहावी, कारण भाग्याने एखादी फेक कोणाचीही लांब जाते. तारीख, तापमान व वाऱ्याची दिशा शेजारी लिहावी आणि हाच प्रयोग जानेवारी, मे व जुलै अशा तीन वेळी करावा. वहीत आणखी एक रकाना ठेवावा व तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरावा : अंगरखा घालताना खांदा दुखला की नाही.