क्वचित वापरातील संगणकीय फायलींचे स्वयंचलित स्थलांतर : महाविद्यालयीन दप्तराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वापरानुसार कागदपत्रांची जागा ठरविण्याची रीत आपल्या महाविद्यालयीन दप्तरांत जुनीच आहे. चालू वर्षाचे प्रवेश-रजिस्टर टेबलावर, गतवर्षीचे कपाटात आणि त्यापूर्वीचे गठ्ठे माळ्यावर. हेच काम मनुष्याच्या हस्तक्षेपाशिवाय संगणकाने करणे म्हणजे श्रेणीबद्ध साठवण व्यवस्थापन होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करून, ती ज्या निकषावर उभी आहे तो निकष कितपत भरवशाचा आहे, याचा विचार केला आहे.

स्वरूप

साठवणीचे साधन जितके वेगवान तितके ते महाग. एसएसडी, फिरती हार्ड डिस्क आणि चुंबकीय फीत अशी ही उतरंड आहे. हार्ड डिस्कवरील माहिती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास हाती येते. फीत मात्र यंत्रात चढवून इच्छित जागेपर्यंत गुंडाळत नेण्यास मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. याउलट २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका फितीत १८ टेराबाइट माहिती मावते आणि फडताळात पडून असताना ती विजेचा एक कणही खात नाही. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७४ साली जाहीर केलेल्या ३८५० या यंत्रणेत मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत फितीच्या डब्या ठेवलेल्या असत व यांत्रिक हात हवी ती डबी काढून तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरवीत असे.

व्यवस्थापक एक नियम घालून देतो. समजा, १८० दिवस न उघडलेली फाईल खालच्या श्रेणीत जावी. फाईल जाते, मात्र मूळ जागी तिची खूणचिठ्ठी राहते. नाव तेच, आकारही तोच दिसतो. वापरकर्त्याने ती उघडताच यंत्रणा मूळ मजकूर परत आणते. त्याला जाणवतो तो केवळ विलंब. एखादा अजाण विषाणूशोधक प्रोग्रॅम सर्व खूणचिठ्ठ्या उघडत सुटला, तर माळ्यावरचे सारे दप्तर एका रात्रीत टेबलावर येऊन पडते, हा या व्यवसायातील नेहमीचा अनुभव.

निकषाचा प्रश्न

'शेवटचा वापर केव्हा झाला' ही नोंद दिसते तितकी निर्मळ नाही. प्रत्येक वाचनागणिक ती लिहिण्याने संगणक मंदावतो. म्हणून विंडोज व्हिस्टामध्ये (२००७) ती मूलतः बंद ठेवण्यात आली, तर लिनक्सने २००९ पासून ती सवडीने लिहिण्याची पद्धत स्वीकारली. नोंदच खरी नसेल तर तिच्यावर बेतलेला नियम खरा कसा ठरावा?

याहून गंभीर बाब अशी की, वापर नसणे आणि महत्त्व नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिच्या साहाय्याने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर आकाशाचे सर्वेक्षण झाले. ती निरीक्षणे जपून ठेवलेली होती, म्हणूनच इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांना नव्या गणनपद्धतीने त्यांचे पुन्हा संस्करण करता आले आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली.

महाविद्यालयीन दप्तराचे वर्तनही असेच आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी मागील पाच वर्षांचे पुरावे मागितले जात आले आहेत. त्या आठवड्यात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या हजारो फायली एकदम जाग्या होतात. खेड परिसरातून मुंबईस वा आखातात गेलेला माजी विद्यार्थी पंधरा वर्षांनी गुणपत्रकाची प्रत मागतो, तेव्हा त्याची नोकरी त्या एका न उघडलेल्या फायलीवर अवलंबून असते. नियम वयावर नव्हे, तर दस्तऐवजाच्या प्रकारावर आधारलेला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गुणतक्ते व प्रवेश-रजिस्टरे एका वर्गात. स्नेहसंमेलनाची चित्रफीत दुसऱ्या. पहिल्या वर्गातील फायली मंद साठवणीत खुशाल जाव्यात, पण कोणत्याही नियमाने पुसल्या जाऊ नयेत.

स्थलांतर म्हणजे सुरक्षा-प्रत नव्हे, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. फाईल खाली गेली की वरची प्रत नाहीशी होते. उरते ती एकच. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये जगबुडीचे पाणी ज्या गावाने पाहिले, तेथे ती एकुलती प्रत तळमजल्यावरील कपाटात ठेवणे धोक्याचे आहे. दुसरी प्रत गावाबाहेर, शक्यतो घाटावर असावी. शिवाय फीत टिकली तरी तिचे यंत्र टिकेलच असे नाही: एलटीओ-९ यंत्र केवळ एक पिढी मागची फीत वाचते, तर २०२५ मधील एलटीओ-१० मागची एकही नाही. म्हणून दर काही वर्षांनी जुन्या फितींवरील मजकूर नव्या फितींवर उतरविणे आणि वर्षातून एकदा चार-दोन जुन्या फायली प्रत्यक्ष उघडून पाहणे, ही कामे ग्रंथपाल व कार्यालयीन अधीक्षक यांच्या वार्षिक कार्यसूचीत नावानिशी नमूद असावीत.