डाऊन सिंड्रोम : समज, साथ आणि सुरक्षितता

१९५९ हे वर्ष भिलाईकरांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी फ्रान्समधील ज्येरोम लझन, मार्थ गोतिए व रेमाँ त्युर्पँ या संशोधकांनी डाऊन सिंड्रोमचे कारण जगासमोर मांडले. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक, म्हणजे एकूण ४७ असतात. या स्थितीचे प्रथम वर्णन १८६६ मध्ये डॉ. जॉन लँगडन डाऊन यांनी केले होते.

हा संसर्ग नव्हे, ग्रहणाचा परिणाम नव्हे, की आईच्या हातून घडलेली चूकही नव्हे. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे. तथापि तरुण मातांच्या पोटीही अशी मुले जन्मतात. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयविकार असतो. त्यामुळे जन्मानंतर लगेच हृदयाची, तसेच थायरॉइड, श्रवण व दृष्टी यांची तपासणी अगत्याची ठरते. व्यायामोपचार व वाचा-उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका लाभ अधिक. ही मुले सावकाश शिकतात, पण शिकतात.

विकसित देशांत १९८० च्या दशकारंभी पंचवीस वर्षांच्या आसपास असलेले त्यांचे सरासरी आयुर्मान आता साठीपर्यंत पोहोचले आहे. ही आनंदाची वार्ता असली तरी तिच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे : आपल्या पश्चात याचे कोण? कारखान्याच्या नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून भिलाईत स्थायिक झालेल्या, नातेवाइकांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न अधिकच बोचतो.

येथे कायदा साह्यास येतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेकांना बँकेच्या खिडकीपाशीच प्रथम कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. भिलाईच्या रहिवाशांसाठी हा जिल्हा दुर्ग होय. या समितीच्या प्रमाणपत्राच्या आधारे खाते उघडता व चालविता येते, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व बँकांना कळविले आहे. न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

म्हणूनच पालकांनी दिव्यांग प्रमाणपत्र, पालकत्व, नामनिर्देशन व मृत्युपत्र ही कामे निवृत्तीपर्यंत लांबणीवर टाकू नयेत. शाखेतील सहकाऱ्यांनीही अशा ग्राहकाशी बोलताना केवळ सोबतच्या पालकाकडे न पाहता त्याच्याशीही दोन शब्द बोलावेत. आपली सही स्वतः करू पाहणाऱ्या हाताला थोडा अवधी लागतो. तो देणे ही आपल्या सेवेची खरी कसोटी होय.